ग्यानबानं ‘खून केली’

माझ्या नेमणुकीच्या हुकमात मी नकलनवीस होतो. म्हणजे कोर्टातल्या कागदांच्या नकला उतरवून देणारा कारकून. प्रत्यक्षात निजामाच्या राज्यात, आधी लातूरला आणि नंतर नांदेडला, माझी निम्मी नोकरी साक्षीदाराच्या पिंजऱ्याला टेकून उभं राहण्यात गेली. साक्षीदार मराठीत बोलायचा, कोर्ट उर्दूत लिहायचं आणि दोघांच्या मध्ये मी असायचो. या कामाचा वेगळा पगार नव्हता, वेगळं नावही नव्हतं. पुकारा करणारा शिपाई साक्षीदाराचं नाव घेऊन झालं की माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचा. मी हातातला बोरू ठेवून उठायचो.

आता नातवंडांना हे सांगितलं तर ती विचारतात, म्हणजे न्यायाधीशाला मराठी येत नव्हतं? मग न्याय कसा करायचा? खरं तर तेव्हा आम्हाला हा प्रश्न पडत नव्हता. घरात मराठी, सरकारात उर्दू, हे आम्ही ऊन आणि सावलीसारखं धरून चाललो होतो. नोटेवर इतर भाषांबरोबर मराठी अक्षरंही छापलेली असायची. कोर्टात मात्र मराठी तोंडानं आत यायचं आणि कागदावर उतरताना उर्दू होऊन बसायचं. शेतकऱ्याला त्याच्याच वावराचा निकाल दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे. वाचणारा सांगेल तो निकाल.

मी लातूरचा. चार यत्ता मराठीत शिकलो आणि पुढं सगळं उर्दूत, अगदी गणितसुद्धा. त्यामुळे आजही बेरीज करताना माझ्या तोंडी उर्दू आकडे येतात आणि ठेच लागली की मराठी. मला उर्दू आवडायची हे लपवून कशाला ठेवू? ती भाषा आमच्यावर बसवलेली होती, तरी तिचा गोडवा खोटा नव्हता. माझं अक्षर वळणदार होतं, त्याच्याच जोरावर लातूरच्या मुन्सफ कोर्टात चिकटलो.

दुभाष्याचं काम गळ्यात पडलं ते एका पाटलांमुळे. औशाकडच्या एका गावचे ते पोलीस पाटील. मिशा भरघोस, आवाज त्याहून मोठा. शेजाऱ्याशी गाडीवाटेवरून त्यांचा दावा चालू होता. वाट फार तर दोन बैल जातील एवढी, पण दोन्हीकडचे लोक गाड्या भरभरून साक्षीला यायचे. मुन्सफ साहेब हैदराबादचे, स्वभावानं गरीब. त्यांना वाटलं, शेजारी शेजारी आहेत, मिटवून टाकावं. ते पाटलांना म्हणाले, “पाटील, मेरी मानो तो राजीनामा दे दो.”

पाटलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “राजीनामा? मी?”

“हां, दोनों तरफ का भला है.”

“मी न्हाई देनार राजीनामा. आज्यापासून पाटीलकी हाय आमच्या घरात. मी काय चोरी केली का कुनाची बाई पळवली?”

साहेबांना एवढंच कळलं की पाटील नाही म्हणतोय. पुढची तारीख पडली. पुढच्या तारखेला साहेबांनी पुन्हा तेच सुचवलं, पाटील पुन्हा उखडले. तिसऱ्या खेपेला पाटील गावातली पन्नास माणसं घेऊन आले, आपली पाटीलकी जाऊ नये म्हणून. मी कोपऱ्यात नकला उतरवत होतो. मला हसू आवरेना. साहेबांनी विचारलं, “क्या बात है?” मी उभा राहून उर्दूत सांगितलं, “हुजूर, आपण राजीनामा म्हणता तेव्हा दोघांची राजीखुशी, तडजोड, असं म्हणता. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. पाटलांना वाटतंय, आपण त्यांची पाटीलकी काढून घ्यायला निघालात.”

साहेब आधी चमकले, मग त्यांनी डोक्याला हात लावला. पाटलांना मी मराठीत सगळं समजावलं. पाटील म्हणाले, “मंग आधीच सांगायचं न्हाई व्हय? मी दोन म्हैने झोपलो न्हाई.” त्याच दिवशी तडजोड झाली. पन्नास माणसं गूळ-शेंगदाणे खाऊन परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मी पिंजऱ्याजवळ उभा राहू लागलो.

अशा जागा उर्दू-मराठीच्या बांधावर खूप आहेत. शब्द तोच, वस्ती वेगळी. त्यांची तालीम शाळेत आणि आमची आखाड्यात. ते शिकस्त म्हणाले की हार समजायची आणि आपण शिकस्त केली म्हणतो ती जीव तोडून धडपड केली म्हणून. अनोळखी शब्दाला माणूस थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दाला कोणी थांबत नाही, तिथंच घात होतो.

पुढं बदली होऊन मी नांदेडला जिल्ह्याच्या कोर्टात आलो. तिथले सरिश्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीचे मुख्य, नांदेडचेच एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. दखनी आणि मराठी दोन्ही झकास बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं, “देखो मियां, वहां सिर्फ जबान बनके खडे रहना. दिमाग घर पे रखके आना.” अर्थ असा, की साक्षीदार जे बोलला तेवढंच सांगायचं. त्याला काय म्हणायचं असेल हा विचार आपण करायचा नाही. दुभाष्या शहाणपणा करू लागला की तो कोणाची तरी बाजू घेऊ लागतो. मला हे पटलं होतं आणि मी ते पाळत होतो.

पाळणं कधी कधी जड जायचं. धर्माबादचा एक व्यापारी चोरीच्या खटल्यात फिर्यादी होता. त्याला स्वतःच्या उर्दूचा भारी अभिमान. मला हातानंच बाजूला सारलं आणि थेट साहेबांना म्हणाला, “हुजूर, हमारा दुकान खाली है, घर ऊपर है.” आरोपीच्या वकिलानं लगेच उठून विचारलं, “दुकान खाली थी तो चोरी किस चीज की हुई?” व्यापारी म्हणाला, “दुकान में से हुई ना!” “मगर वो तो खाली थी?” “हां, एकदम खाली. रस्ते को लगके.” सगळं कोर्ट हसून लोटपोट. त्या बिचाऱ्याला कळेचना, दुकान माडीच्या खाली असण्यात हसण्यासारखं काय आहे. शेवटी त्यानं मला खुणेनं परत बोलावलं आणि पुढची साक्ष मुकाट्यानं मराठीत दिली.

पण हे हसण्यावारी गेलं. ग्यानबाचं तसं नव्हतं.

ग्यानबा अर्धापूरच्या अलीकडचा, आसना नदीच्या काठच्या गावातला शेतकरी. त्याच्यावर आळ होता आपल्या दाजीला, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, जिवे मारल्याचा. दाजीचं नाव हरिबा. दोघांची गावं नदीच्या दोन बाजूंना समोरासमोर होती. पाणी कमी असलं की लोक गुडघाभर पाण्यातून ये-जा करत. त्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि नदी चढत होती. हरिबा पलीकडून पाण्यात उतरला तेव्हा ग्यानबा अलीकडच्या काठावर आपल्या वावरात होता. हरिबा मध्यावर आला आणि वाहून गेला. खाली बऱ्याच अंतरावर त्याचं प्रेत सापडलं. डोक्याला खोक पडलेली होती.

दोघांचं वैर सगळ्या गावाला माहीत होतं. ग्यानबाच्या मुलीच्या लग्नात हरिबाला मानाचा फेटा बांधायचा राहिला होता. तेव्हापासून हरिबा मेव्हण्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हता. पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, चौकशीला आले तेव्हा नदीकाठी रडारड चालली होती. त्या गलक्यात त्यांनी ग्यानबाला विचारलं, काय झालं. ग्यानबा म्हणाला, “म्या त्यास्नी खून केली.” अमीन साहेब उत्तरेकडून नोकरीला आलेले होते. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं, “तूने खून किया?” ग्यानबानं हुंदके देत मान हलवली, “हाव. केली.”

हा कबुलीजबाब घेऊन प्रकरण नांदेडला मॅजिस्ट्रेटसमोर आलं. तिथं चौकशी होऊन खटला मोठ्या कोर्टाकडे पाठवायचा की नाही ते ठरायचं. मोठ्या कोर्टाकडे गेला असता तर ग्यानबा जन्माचा आत बसला असता. वकील द्यायची त्याची ऐपत नव्हती आणि त्याला तो नकोही होता. हवालातीत तो कोणाशी बोलत नव्हता. विचारलं की एवढंच म्हणायचा, “माझ्यापायी गेले.”

मला यातलं काहीच आधी ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पुकारा झाला, मी उठून जागेवर जाऊन उभा राहिलो. मॅजिस्ट्रेट साहेब हैदराबादचे, उंच, शांत. त्यांच्या तोंडून कधी मराठीचा एक शब्द कोणी ऐकला नव्हता. ते रियासतीचे शेवटचे दिवस होते. बाहेर वातावरण बरं नव्हतं, कोण कोणाच्या बाजूचा आहे हे लोक एकमेकांच्या पागोट्यावरून आणि टोपीवरून ठरवत होते. माझ्यासारख्यानं तर तोलूनमापूनच तोंड उघडायचं.

ग्यानबाला आणलं. पस्तिशीचा असेल, पण वाकून गेलेला. साहेबांनी उर्दूत विचारलं, तुझ्यावर असा असा आरोप आहे, तुला काय म्हणायचं आहे? मी मराठीत सांगितलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “काय म्हनू? म्या खून केली. माझ्या खुनंनंच गेले ते.”

माझ्या तोंडात ‘कत्ल’ हा शब्द आला होता. जिभेच्या टोकावर आला होता. आणि मी अडखळलो.

‘केली’ का म्हणतोय हा? खून केला म्हणतात. खून केली असं कोणी म्हणत नाही. आणि ‘खुनंनं’? माझ्या डोळ्यासमोर माझी आई आली. आई पाणी म्हणायची नाही, पानी म्हणायची. लोणी नाही, लोनी. मीही तसंच म्हणायचो, पण मराठी चौथीच्या मास्तरांनी छड्या मारून माझ्या जिभेला ‘ण’ लावला होता. ग्यानबाला तसले मास्तर भेटले नव्हते. तो खून म्हणत होता, पण ती खूण होती. हातानं करतात ती.

“तर्जुमा?” साहेब म्हणाले.

मी उभा होतो. जबान बनून राहायचं तर ‘खून’ हा शब्द तसाच उचलून पलीकडे ठेवायचा. तो उर्दूतही आहेच. कोणी मला नावं ठेवली नसती. पण ते केलं असतं तर तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत गेला असता.

“हुजूर,” मी म्हणालो, “याच्या बोलण्यात एक शब्द असा आहे की त्याचे दोन अर्थ निघतात. एक कत्ल. दुसरा इशारा.”

सरकारी वकील ताडकन उठले. ते वरंगलकडचे तेलुगू गृहस्थ, कामात अगदी चोख. त्यांनाही मराठी येत नव्हतं. ते म्हणाले, “हुजूर, मुलजिम ने पहले भी यही कहा, आज भी यही कहा. अब नकलनवीस साहब उसके वकील हो गए?”

सरिश्तेदार मान खाली घालून कागद चाळत होते. नोकरी तर जाईलच, वर आणखी काय काय होईल ते माझ्या डोक्यात फिरू लागलं. साहेब माझ्याकडे बघत होते, रागानं की कशानं ते कळत नव्हतं.

“हुजूर,” मी म्हणालो, “मी काहीच सांगत नाही. फक्त एक प्रश्न विचारायची इजाजत द्या. कशी केली, एवढाच.”

साहेबांनी मान हलवली. “पूछो.”

मी ग्यानबाकडे वळलो. “ग्यानबा, कशी केलीस ती? दाखव.”

त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. इतक्या दिवसांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानं हात पुढं केले, हातकडी होती. साहेबांनी ती काढायला सांगितली. ग्यानबानं डोक्याचा रुमाल सोडला, दोन्ही टोकं दोन हातांत धरून तो डोक्यावर आडवा ताणला आणि झटक्यानं छातीपर्यंत खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि तसं करता करता तो एकदम ओरडला, “माघारी फिरा दाजी! पानी वाढून राहिलं! माघारी!”

तो आवाज नदी ओलांडून जाण्यासाठी काढलेला होता. त्या खोलीत तो मावेना. ओरडून झाल्यावर तो तिथंच खाली बसला आणि रुमालात तोंड घालून रडू लागला.

मी शब्दाला शब्द तर्जुमा केला. साहेबांनी लिहायला घेतलेली लेखणी बाजूला ठेवली.

मला वाटलं, संपलं. पण सरकारी वकिलांनी आपलं काम केलं आणि ते त्यांनी करायलाच हवं होतं. ते म्हणाले, “इशारा किया, मान लिया. मगर आने का इशारा था या जाने का? पानी चढ रहा था. दुश्मनी थी. बुलाया भी हो सकता है.”

मी हे ग्यानबाला सांगितलं. वाटलं, तो चवताळून उठेल, नाही म्हणेल. तो बसल्या जागी म्हणाला, “तेच तर मला कळंना झालंय, साहेब. म्या तर फिरा म्हनलो. पन त्यास्नी वाटलं असंल, मी बलावतोय. नदीचा आवाज लई व्हता. माझी खूनच चुकली असंल. न्हाईतर ते कशाला पुढं आले असते?”

तेव्हा मला समजलं की हा माणूस इतके दिवस गप्प का होता. पोलिसांनी त्याला गुन्हेगार ठरवलं होतं ते वेगळ्याच शब्दावरून. त्यानं स्वतःला ठरवलं होतं ते त्या रुमालावरून. दोन्हीकडून त्याचा ‘हाव’ एकच होता.

पुढची साक्ष अनसाबाईची होती. हरिबाची विधवा आणि ग्यानबाची सख्खी थोरली बहीण. सरकार पक्षानं तिला वैर शाबीत करायला बोलावलं होतं. ती मघापासून दाराशी बसली होती, पदर पुढं ओढून. भावाकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं, असं शिपाई नंतर मला म्हणाला. पण तो ओरडला तेव्हा तिनं पाहिलं असणार.

वकिलांनी वैराचं विचारलं. ती म्हणाली, “हाव, व्हतं.” फेट्याचं विचारलं. “हाव, तेबी खरं.” मी तिचे तुटक तुटक शब्द उर्दूत नेऊन ठेवत होतो. मग साहेबांनी स्वतः विचारलं, मघाशी तुझ्या भावानं जी खूण करून दाखवली, ती तू याआधी कधी पाहिली आहेस का?

मी विचारलं. ती म्हणाली, “गुरं माघारी फिरवायची हाय ती. आमच्या बापानं शिकवली आमा दोघा भावाबहिनीस्नी. पल्याड ढोरं गेली की असं करायचं.”

“तुझ्या नवऱ्याला ती माहीत होती?”

“त्येबी तशीच करायचे. सासरी आल्यावर म्याच दावली त्यास्नी.”

सरकारी वकील खाली बसले. पण साहेबांना अजून एक गोष्ट कळत नव्हती आणि ती त्यांनी विचारली. माघारी फिरण्याची खूण आहे हे त्याला ठाऊक होतं, तर मग तो पुढं का आला?

हे मी मराठीत विचारलं तेव्हा अनसाबाईनं पदर जास्तच पुढं ओढला. मग ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “सांगते. पन साहेबास्नी म्हनावं, लिहू नका. माझा मालक गेला, त्याचं असलं काय कागदावर ऱ्हायाला नको.”

मी तर्जुमा करणार होतो, पण ती बोलतच राहिली. “लई हट्टी मानूस. त्या लग्नापासून म्हनायचे, ग्यानबा उजवीकडं जा म्हनला तर मी डावीकडं जाईन. फिरा म्हनला, म्हनूनच पुढं गेले असतील. मला त्याच दिशी कळलं व्हतं. पन गेलेल्या मानसाला नावं कशी ठेवू? म्हनून म्या गप बसले आन माझा भाऊ हितं…”

मी साहेबांकडे वळलो. उर्दूत वाक्य जुळवू लागलो. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. आणि तिच्याकडे बघून, सावकाश, एकेक शब्द जपून टाकत ते म्हणाले, “नाही लिहीत, बाई. ते मी लिहीत नाही.”

सरिश्तेदारांनी झटकन मान वर केली. मी उघड्या तोंडानं उभा राहिलो. पुढं कधीतरी कळलं, साहेबांचे वडील परभणीकडे तहसीलदार होते आणि साहेबांचं लहानपण तिथल्या पोरांबरोबर विटीदांडू खेळण्यात गेलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं, हुजूर, आपल्याला मराठी येतं तर मग मी कशाला? ते म्हणाले, “थोडी समझता हूं, मियां. थोडी समझ पे किसी को फांसी नहीं चढाते.” हे वाक्य मी जन्मभर जवळ ठेवलं आहे.

त्यांनी लिहिलं ते एवढंच, की खूण माघारी फिरण्याची होती आणि मयताला ती ओळखीची होती. डोक्याची खोक दगडावर आपटूनही होऊ शकते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. दुपारच्या सुट्टीनंतर साहेबांनी हुकूम सांगितला. खटला पुढं पाठवायला आधार नाही, मुलजिम को रिहा किया जाए.

सुट्टीत सरकारी वकील माझ्याजवळ आले होते. मला वाटलं, बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, “हमारी तेलुगू में भी ऐसे शब्द हैं. हमारे गांव के लोग भी किसी कोर्ट में खडे होते होंगे.” आणि त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं. मी घटाघटा प्यायलो.

पुढं राज्य गेलं, भाषाही हळूहळू बदलली. आता नांदेडच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो आणि समोरचा माणूस ते मराठीत समजून घेतो. मी निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम जाऊन मागच्या बाकावर बसून आलो. मध्ये कोणी उभं नाही हे बघून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. हळहळ एवढीच, की माझं ते वळणदार उर्दू अक्षर आता घरात कोणाला वाचता येत नाही. आणि ग्यानबाचे हवालातीत गेलेले दिवस त्याला कोणी परत दिले नाहीत. एका ‘ण’पायी गेलेले दिवस.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. साहेबांचा हुकूम मी ग्यानबाला मराठीत सांगितला. “सुटलास, ग्यानबा. जा आता घरी.” तो जागचा हलला नाही. मला वाटलं, त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तो दाराकडे बघत माझ्याशी बोलला, “आक्काला इचारा. मी गेलो तर चालंल का?”

अनसाबाई दाराशी उभी होती, दहा पावलांवर. तिला सगळं ऐकू गेलं असणार. पण मला सवयच तशी लागलेली. मी तिच्याकडे वळलो आणि अगदी कोर्टातल्यासारखं म्हणालो, “बाई, हा विचारतोय, मी घरी गेलो तर तुम्हाला चालेल का?”

तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि सरळ माझ्या बाजूनं पुढं आली.

“तुमी सरका जरा बाजूला, मास्तर,” ती म्हणाली. “त्याचं मला समजतंय.”

मी बाजूला सरकलो.